दोघांची डोण

लाडक्या पडला तेव्हा अंगणात कनीजशिवाय कोणी नव्हतं.

तो वल्ही न्यायला आला होता. मंसूर मास्तरांच्या घरामागे त्यांच्या थोरल्या भावाचं, दाऊदचं, सुतारकामाचं छप्पर होतं. शर्यतीची नवी वल्ही तेल देऊन तिथे उन्हात टेकवून ठेवली होती. लाडक्याने त्यातली दोन उचलली, मास्तरांच्या बायकोकडे, कनीजकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग तो नुसताच बघत राहिला. वल्ही हातातून गळली. अंग ताठ झालं आणि तो उभ्याचा आडवा झाला.

कनीज धावली. त्याच्या डोक्याशेजारीच दाऊदचा लाकूड तासायचा वाकस धार वर करून पडला होता. तो तिने आधी पायाने दूर ढकलला. मग ओढणीची घडी त्याच्या डोक्याखाली सरकवली आणि त्याला कुशीवर वळवून धरून ठेवलं. तिच्या माहेरी मामूला फेफरं यायचं. ती घाबरली नव्हती असं नाही, पण काय करायचं ते हातांना ठाऊक होतं.

झटके थांबले. मुलगा बराच वेळ घोरल्यासारखा श्वास घेत राहिला. डोळे उघडले तेव्हा आपण कुठे आहोत ते त्याला उमजेना. उमजलं तशी त्याने तिचं मनगट पकडलं.

"मास्तरांना सांगू नोका, भाभी."

"आधी पाणी पी."

"सांगू नोका. पाया पडतो."

कनीजने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुपारी मंसूर जेवायला आले, तेव्हा ताट वाढायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलं.

मंसूर तसेच उभे राहिले. "तोच? लाडक्या?"

"तोच. तुमचा पहिल्या नंबरचा."

मंसूर जव्हारच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती आणि संस्थानात नव्या गोष्टींची हौस होती; त्या हौसेतच त्यांचं शिकवणं बसून गेलं. मुंबईला ड्रिलचं शिक्षण घेताना त्यांनी बंदरात एक परदेशी खलाशी पाहिला होता. अरुंद होडीत पाय लांब करून बसलेला, दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं डावं-उजवं फिरवत तो जहाजांच्या मधून सुईसारखा निघून गेला. ते दृश्य मंसूरांच्या डोक्यातून गेलंच नाही. परत आल्यावर त्यांनी दाऊदला जमिनीवर काडीने चित्र काढून दाखवलं. दाऊदने पहिल्या डोणी केल्या त्या लांब आणि जड, दोघांच्या. मग हात बसला तसा सावरीच्या हलक्या खोडातून एकेकाच्या डोणी कोरल्या. गावाखाली नदीला लांबलचक डोह होता. पावसाळा ओसरला की मंसूर बोर्डिंगची मुलं घेऊन तिथे जाऊ लागले. आठवड्याची सुट्टी म्हणजे डोहावरचा दिवस, असं ठरूनच गेलं. आधी काठावर बसून कोरड्यात वल्हं फिरवायचं, मग कमरेएवढ्या पाण्यात, मग खोल.

लाडक्या सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा. उन्हाळ्यात तिथे बायका झऱ्याच्या खड्ड्याशी वाटीवाटीने पाणी भरत बसतात. बोर्डिंगला येईपर्यंत त्याने बुडण्याएवढं पाणी साठलेलं पाहिलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तो डोणीच्या कडेला इतका घट्ट धरून बसला की बोटं सोडवावी लागली. पण एकदा भीती गेली आणि तो असा वल्हवू लागला की बाकीचे थांबून बघत. जोर फारसा नव्हता. अंगाला मात्र पाण्याची लय लवकर कळली होती. त्याच्या खालोखाल पांड्या, खोडाळ्याच्या खात्यापित्या घरचा, रुंद खांद्यांचा, तापट. निवडीच्या दिवशी लाडक्याने त्याला हरवलं आणि तेव्हापासून पांड्या त्याच्याशी बोलत नव्हता.

आणि आता किनाऱ्याकडची एक शाळा शर्यतीला येत होती. खाडीकाठी वाढलेली पोरं. त्यांचे मास्तर तांडेल. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या होड्या. इथली एकट्याची एक डोण महिनाभर नेऊन त्यांनी मुलांना सराव दिला होता. हेडमास्तर मंसूरांना स्पष्ट म्हणाले होते, "या वर्षी नीट पार पडलं तर हा खेळ शाळेत राहील. नाहीतर डोणी दाऊदला परत द्या, तो त्यांची लाकडं करील."

त्या दुपारी मंसूर जेवले नाहीत. तसेच बोर्डिंगवर गेले आणि लाडक्याला मागच्या चिंचेखाली बोलावलं.

"कधीपासून आहे हे?"

लाडक्याने मान खाली घातली. "लहान होतो तवापासून. लई वेळा नाय होत. पावसाळ्यात एकांदा, कवा तर वरीसभर नाय."

"पाण्यात कधी झालं?"

"नाय."

"होणार असलं की आधी कळतं?"

"कवाकवा. जिभेला लोखंडाची चव येते. पन मग येळ नाय राहत."

मंसूरांना डोह आठवला. इतके दिवस हा पोरगा एकटा, खोल पाण्यात. आपण काठावर उभं राहून शाबासकी देत होतो.

"तू शर्यतीत बसणार नाहीस," ते म्हणाले.

लाडक्या रडला नाही. त्याचा चेहरा उलट घट्ट झाला. "मग हेडमास्तर इचारतील का नाय बसला. तुमी सांगाल. मग बोर्डिंगातली पोरं माझ्यासंगं जेवायची नाय. मना घरी धाडतील. त्यापरीस मी आजच जातो."

"असं कोणी म्हटलं?"

"मागल्या शाळेत असंच झालेलं." मग जरा थांबून तो म्हणाला, "आयस येनार हाय बघायला. शेत सोडून."

मंसूर घरी आले ते कनीजशी भांडायलाच आल्यासारखे. त्यांनी लाडक्याला बसू द्यायची कारणं मांडली. मुलगा बोर्डिंग सोडून गेला तर शिक्षण संपलं. झटका वर्षाकाठी येतो, तो नुकताच येऊन गेला, शर्यत तर घटकाभराची. कनीज भाकरी थापत ऐकत होती.

"तुम्हाला काळजी त्याची आहे का शर्यतीची?" तिने विचारलं.

"दोन्हीची."

"मग तुम्ही ठरवू नका. तुमचा हात एका बाजूला ओढणारच."

"मग कोणी ठरवायचं? हेडमास्तरांनी? ते उद्या त्याला गाडीत बसवतील."

कनीजने तव्यावरची भाकरी उलटली. मागच्या छपरातून दाऊदच्या रंध्याचा आवाज येत होता. मंसूर उठून दाराशी गेले. छपराच्या कडेला त्या जुन्या दोघांच्या डोणी पालथ्या पडल्या होत्या, धुळीने माखलेल्या. ते त्यांच्याकडे बघत राहिले. एकटा माणूस पाण्यात पडला तर बुडतो. मागे दुसरा बसला असेल तर?

"दादा," त्यांनी हाक मारली, "या पाचही डोणी उद्यापर्यंत पाण्यात उतरतील?"

दाऊद रंधा थांबवून म्हणाला, "उतरतील. पण पळणार नाहीत. रेड्या आहेत त्या."

तांडेल मास्तर आपल्या मुलांना घेऊन दुसऱ्या दिवशी बैलगाड्यांतून घाट चढून आले. उंच, काळेसावळे, आवाज खणखणीत. मंसूरांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की शर्यत दोघादोघांची होईल, प्रत्येक शाळेच्या दोन जोड्या.

तांडेलांनी कप खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"एकेकाच्या डोणी या प्रवाहात नीट सावरत नाहीत. पाणी अजून ओढतंय."

"मी आत्ताच डोह बघून आलो. पाणी ओढतंय म्हणता? खाडीच्या ओहोटीपुढे हे काहीच नाही." त्यांचा आवाज चढला. "माझी पोरं महिनाभर एकट्याने वल्हवतायत. आणि आदल्या दिवशी तुम्ही नियम बदलता? तुमच्या पोरांचा दोघादोघांचा सराव झालाय, असंच ना?"

"नाही झालेला."

"मग कारण सांगा."

मंसूरांच्या ओठांवर कारण आलं होतं. शेजारच्या खोलीत हेडमास्तर बसलेले होते. "कारण नाही सांगू शकत," ते म्हणाले. "पण तुमच्या मुलांवर अन्याय होऊ देणार नाही. चारांतल्या कोणत्या दोन डोणी घ्यायच्या ते तुम्ही निवडा. उरलेल्या आम्ही घेऊ."

तांडेल त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "घेतो. आणि पुन्हा इथे येणार नाही, हेही सांगून ठेवतो."

त्यांनी चांगल्यातल्या चांगल्या दोन निवडल्या. त्यांना लाकूड कळत होतं.

खरं कठीण काम अजून राहिलंच होतं. मंसूरांनी लाडक्याला सांगितलं, "तू बसशील. पण पुढे. मागे पांड्या बसेल, आणि त्याला मी सांगणार."

"पांड्याला?" लाडक्या एक पाऊल मागे सरला. "तो साऱ्या बोर्डिंगात सांगंल. दुसरा कोन बी द्या. पोश्या द्या."

"पोश्याला तू उचलवणार नाहीस. पांड्याला उचलवशील. आणि जो मागे बसेल त्याला ठाऊक असलंच पाहिजे. हे मान्य नसेल तर डोण काठावर राहील."

लाडक्याने मान फिरवली. पण तो निघूनही गेला नाही.

पांड्याने सगळं ऐकून घेतलं. मंसूर सांगत होते तेव्हा तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"म्हंजे निवडीत त्यानं मना हरवलं, आनि त्याला हे हाय?"

"हो."

"आनि मधीच पडला तर मी काय करायचं?"

"वल्हं टाकायचं. त्याला धरायचं. तोंड पाण्याच्या वर ठेवायचं. मी खाली डोण घेऊन उभा असेन."

"आनि शर्यत?"

"सोडायची."

पांड्याने मान वर केली. "जिंकत असलो तरी?"

"जिंकत असलास तरी."

"बघू," पांड्या म्हणाला, आणि निघून गेला. त्या एका शब्दाने मंसूरांची झोप उडवली. त्यांनी दोनदा ठरवलं की सकाळी सगळं रद्द करायचं, आणि दोन्ही वेळा ते मोडलं. आपण मोडतोय ते मुलासाठी की स्वतःसाठी, हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

सकाळी डोहाच्या काठावर माणूस मावेना. दसरा होऊन गेला होता, भात पिवळं पडायला लागलं होतं, कापणीला अजून अवकाश होता. पाड्यापाड्यांतून लोक आले होते. वरच्या अंगाला आंब्याच्या डहाळ्या बांधलेला मांडव होता. त्यात हेडमास्तर आणि दरबाराकडची पाहुणे मंडळी बसली होती. लाडक्याची आयस, हौशी, गर्दीच्या पुढेच पाय दुमडून बसली होती. सडपातळ बाई, हातात भाकरीचं फडकं. लाडक्या तिच्याजवळ जाऊन आला. ती त्याला काय म्हणाली ते कोणाला ऐकू आलं नाही, पण तिने त्याच्या गालावरून बोटं फिरवली. गालापासून कानापर्यंत भाजल्याचा जुना चट्टा होता, तिथून.

डोहाच्या खालच्या टोकाला नदी एका काळ्या खडकाच्या कडेवरून घळीत कोसळत होती. त्या कडेला सगळे धार म्हणत. धारेच्या बऱ्याच अलीकडे पाण्यात एक बांबू रोवला होता. वरून निघून, बांबूला वळसा घालून परत, अशी शर्यत होती. बांबू आणि धार यांच्या मधे मंसूरांनी पहाटेच दाऊदला घेऊन काथ्याचा जाड दोर या काठापासून त्या काठापर्यंत ताणून बांधला होता. आता ते दोघे पाचव्या डोणीत, बांबूच्या बाजूला थांबले होते.

"एवढा दोर कशाला?" दाऊदने विचारलं होतं. मंसूरांनी त्याला सांगून टाकलं. दाऊदने दोराला आणखी एक गाठ मारली.

बंदुकीचा बार झाला. चारही डोणी सुटल्या.

किनाऱ्याकडची पोरं खरोखर चांगली होती. त्यांच्या पहिल्या जोडीची दोन्ही वल्ही एकाच वेळी पाण्यात जायची. सुरुवातीला तीच पुढे होती. लाडक्या-पांड्याची डोण वेडीवाकडी निघाली, कारण पांड्या जोरात मारत होता आणि लाडक्याची लय त्याला सापडत नव्हती. मंसूरांना दुरून दिसत होतं. "ऐक त्याचं, ऐक," ते पुटपुटले. मग कुठेतरी मधे पांड्याने आपला जोर आवरला. पुढच्या खांद्यांकडे बघून वल्हं मारायला लागला. ती रेडीसारखी जड डोण एकदम सरळ झाली आणि पळायला लागली.

काठावर आरडाओरडा उठला. बांबूजवळ येईतो दोन्ही डोणी बरोबरीत होत्या, आणि वळणावर लाडक्याने आतल्या बाजूचं पातं पाण्यात रोवून असा झोका घेतला की त्यांची डोण बांबूला जवळजवळ घासत फिरली. आता ते पुढे होते. स्पष्ट पुढे.

मंसूरांनी श्वास सोडला. आणि त्याच वेळी लाडक्याचं वल्हं थांबलं.

ते हवेतच थांबलं, आडवं. मग हातातून सुटलं. लाडक्याची मान मागे वळली, जणू तो पांड्याला काही सांगणार होता. पण तोंड वाकडं झालेलं होतं आणि अंग लाकूड झालं होतं.

पांड्याने बघितलं. मंसूरांना खात्री आहे की त्याने बघितलं. तरी त्याने वल्हं मारलं. पुन्हा एकदा मारलं. डोण पुढे गेली.

"पांड्या!" मंसूर ओरडले. आवाज गर्दीत बुडाला.

पांड्याने तिसऱ्यांदा वल्हं उचललं, आणि फेकून दिलं. तो पुढे झेपावला आणि लाडक्याला काखेतून पकडलं. त्या धडपडीत डोण कलंडली. दोघेही पाण्यात गेले.

दाऊदने आधीच डोण वळवली होती. "दम धर, नीट बस," तो भावाला म्हणत होता, पण मंसूर वल्हं इतक्या घाईने मारत होते की पातं अर्धं हवेत जात होतं. प्रवाह दिसत नव्हता, पण होता. पालथी डोण आणि तिच्यापलीकडे दोन डोकी सावकाश, अगदी सावकाश, खाली सरकत होती. एक डोकं बुडायचं, वर यायचं. दुसरं वरच होतं, कारण पहिला त्याला वर धरून होता. लाडक्याचे झटके पाण्यातही चालूच होते. त्याचा हात पांड्याच्या तोंडावर आपटत होता.

मंसूर पोचले आणि त्यांनी हात टाकला. बोटांना ओला कपडा लागला आणि निसटला. भावांची डोण पुढे निघून गेली.

"दोर!" दाऊद ओरडला. "पोरा, दोर धर!"

पांड्याने दोराला कोपर अडकवलं. दोर धनुष्यासारखा धारेकडे वाकला. पाणी त्याच्या छातीवर चढत होतं, एका हातात लाडक्या, दुसरा हात दोरात. मागून मुलांची पालथी डोण आली, तिचं टोक त्याच्या पाठीत बसलं, तसा तो किंचाळला. हात सुटला नाही. डोण दोराखालून घुसली, धारेवर क्षणभर अडली, आणि घळीत गेली. खाली ती फुटल्याचा आवाज झाला. काठावरचा गलका त्या आवाजाने एकदम बंद पडला.

मंसूर पाण्यात उतरले होते. एका हाताने दोर धरून, दुसरा दोरावरून सरकवत ते मुलांपर्यंत गेले. लाडक्याला घेताना त्यांना पांड्याची बोटं त्याच्या सदऱ्यातून सोडवावी लागली. ती उघडतच नव्हती. "सोड. मी धरलाय. सोड रे बाळा," असं ते सांगत होते, आणि पांड्या नुसता मान हलवत होता.

काठावर आणलं तेव्हा लाडक्या निळसर पडला होता. कनीज गर्दीतून कधी आली कोणास ठाऊक. तिने आणि हौशीने मिळून त्याला कुशीवर वळवलं. तोंडातून पाणी गेलं. मग खोकला. मग तो घोरल्यासारखा श्वास. कनीजने डोळे मिटले आणि ती मातीत बसली.

पलीकडे किनाऱ्याकडची डोण केव्हाच परत पोचली होती. त्या मुलांना मागे काय झालं ते दिसलंही नव्हतं. ती आपली जिंकल्याच्या आनंदात हात वर करून उभी होती, आणि आपल्याकडे कोणीच का बघत नाही ते त्यांना कळत नव्हतं.

गर्दीत बोलणं सुरू झालं. डोहातल्या आसरांनी धरलं. इथे कोंबडं दिल्याशिवाय पोरं उतरवायलाच नको होती. एक म्हातारा म्हणाला, हे डोणींचं सोंगच बंद करा. हेडमास्तर मांडवातून खाली आले होते. ते लाडक्याकडे बघत होते. त्यांना आसरा वगैरे पटणारं नव्हतं.

"याला अपस्माराचा झटका आलाय," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक होतं, मंसूर मास्तर?"

मंसूरांच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. "हो."

"कधीपासून?"

"परवापासून."

"आणि तरी?"

त्यांच्याऐवजी हौशी बोलली. ती उठली नाही, मुलाचं डोकं मांडीवर तसंच होतं. "मना बी ठावं होतं, सायेब. मी बी सांगितला नाय. एवढासा होता तवा चुलीत पडला. हा गाल भाजला." तिने बोटाने चट्टा दाखवला. "मंग मी काय चूल इझवून बसले? त्याच्यासंगं कोन तरी बसवला. मास्तरनी बी तेच केला ना?"

हेडमास्तरांनी वाकून तो चट्टा पाहिला. मग म्हणाले, "मुलगा बोर्डिंगात राहील. त्याच्याबरोबर जेवायचं नाही असं कोणी म्हणालं, तर तो माझ्याकडे येईल. पण डोणीत हा पुन्हा बसणार नाही. आणि शर्यती बंद. निदान मी सांगेपर्यंत." ते वळले आणि पुन्हा थांबले. "तुम्ही मला सांगायला हवं होतं, मास्तर. ते मी विसरणार नाही."

तांडेल मास्तर बाजूला उभे होते. गाड्या जुंपेपर्यंत ते मंसूरांशी बोलले नाहीत. निघताना जवळ आले.

"काल हे कारण मला सांगितलं असतंत..."

"तर?"

"तर मी त्या मुलाला बसू दिलं नसतं," तांडेल म्हणाले. "आणि माझंच बरोबर ठरलं असतं." मग त्यांनी पांड्याकडे बघितलं. पांड्या दाऊदच्या घोंगडीत गुंडाळून बसला होता, पाठीवर काळानिळा वळ. "पण त्या पोराचं नाव सांगा मला."

मंसूरांनी सांगितलं.

लाडक्या पुरता शुद्धीवर आला तेव्हा ऊन चढलं होतं. त्याने आधी आयशीकडे बघितलं, मग पांड्याकडे.

"कोन जिंकला?"

"ते."

"आपन पुढं होतो."

"होतो."

"मंग वल्हं का टाकलास?"

पांड्या उठून झाडामागे गेला. तिथे तो इतक्या मोठ्याने रडला की सगळ्यांना ऐकू आलं. तो कशाला रडतोय ते कोणी विचारलं नाही. मंसूरांनी वल्ह्याचे ते दोन फटके पाहिले होते. त्यांनीही पुढे कधी विचारलं नाही.

लाडक्याने मंसूरांशी बोलणं सोडलं. ड्रिलला तो यायचा, सांगितलेलं करायचा, पण नजर दुसरीकडे. त्याला वाचवलं म्हणून राग होता, की सांगितलं म्हणून, की आधी बसवलं आणि मग कायमचं उतरवलं म्हणून? कदाचित सगळंच. मंसूरांनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. कनीज त्याला अधूनमधून घरी बोलावून जेवू घालायची. तेव्हा तो तिच्याशी बोलायचा, मास्तर आले की उठून जायचा.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पुढचा पावसाळा ओसरल्यावर हेडमास्तरांनी परवानगी दिली ती फक्त शिकवण्याची. शर्यत नाही, आणि खोल पाणी नाही. वरच्या अंगाच्या उथळ पाण्यात, दोघांच्या डोणींत. दाऊदने फुटलेल्या डोणीच्या जागी नवी कोरली.

पहिल्या दिवशी मंसूर नवी मुलं घेऊन डोहावर गेले, तेव्हा लाडक्या न बोलावता आला होता. धोतर वर खोचून तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि एका डोणीचं टोक धरून उभा राहिला. डोणीत दोन लहान पोरं कडेला घट्ट धरून बसली होती. थोड्या वेळाने पांड्या आला. त्याचं तिथे काही काम नव्हतं. तो लाडक्यापासून हातभर अंतरावर पाण्यात उभा राहिला, इकडेतिकडे बघत, आणि शिकवणं सुटेपर्यंत तिथून हलला नाही.

मंसूर काठावरून मोठ्याने सांगत होते, डावं, उजवं, डावं. मुलं चुकत होती, हसत होती, पाणी उडत होतं.

"मास्तर," लाडक्याने हाक मारली.

मंसूर बोलायचे थांबले. गेल्या दसऱ्यापासून त्यांनी ही हाक ऐकली नव्हती.

"याची बैठक वाकडी हाय," पुढच्या पोराकडे बोट दाखवत लाडक्या त्रासून म्हणाला. "असाच बसला तर कलंडनार. तुमी तिथून काय बघता? हितं या."

मंसूर चपला काढून पाण्यात उतरले.